सिझरनंतर पंधराव्या दिवशी एकदम रक्त गेले आणि आपोआप थांबले, तर पिशवी साफ करण्याआधी काय पाहावे?

घणसोलीत राहणाऱ्या एका तरुण वडिलांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या पत्नीचे १७ दिवसांपूर्वी सिझर झाले. कळा पुष्कळ वेळ चालल्या, पिशवीचे तोंड पूर्ण उघडले, पण बाळाचे डोके खाली अडकले आणि शेवटी घाईने शस्त्रक्रिया करावी लागली. दहाव्या दिवसापर्यंत अंगावरून जाणे जवळजवळ थांबले होते. पंधराव्या दिवशी पहाटे बाळाला पाजून त्या उठल्या आणि एकदम लालभडक रक्त गाठींसह जाऊ लागले. अर्ध्या तासात दोन पॅड पूर्ण भिजले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मग ते आपोआप थांबले. ताप नाही, दुर्गंधी नाही. सोनोग्राफीच्या अहवालात ‘गर्भाशय मोठे, आत १८ मिलिमीटरचा पांढुरका भाग, वारेचा तुकडा राहिल्याची शक्यता’ असे लिहिले आहे. एका डॉक्टरांनी काही गोळ्या दिल्या आहेत आणि पिशवी साफ करून घ्यायला सांगितले आहे, सासूबाईंचे म्हणणे आहे की बाळंतपणात साचलेले निघून जाते ते बरेच असते, आणि त्यांना स्वतःला प्रश्न पडला आहे की रक्त थांबलेच आहे, तर पत्नीला पुन्हा टेबलावर घ्यायचे कशासाठी.

मी स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राची डॉक्टर आहे आणि ठाणे व नवी मुंबईत चोवीस वर्षे बाळंतपणे करत आहे. उत्तराला हात घालण्याआधी एक गोष्ट सांगते: हे वाचत असताना जर पुन्हा तसेच रक्त सुरू झाले असेल, तर पुढचे वाचू नका, १०८ ला फोन करा आणि रक्तपेढी व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा. मी तुमच्या पत्नीला तपासलेले नाही, त्यामुळे त्यांचे निदान मी इथून करू शकत नाही. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मी कसा विचार करीन आणि कोणत्या क्रमाने पावले टाकीन, एवढेच सांगते.

पिशवी साफ करायची की नाही, हा प्रश्न मला दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. पहिला प्रश्न असा की ते रक्त आले कुठून. त्याचे उत्तर मिळेपर्यंत पिशवीत कोणतेही हत्यार घालू नये, आणि रक्त थांबले म्हणून घरीही बसू नये. तुमच्यासमोर दोन मते मांडली गेली आहेत, एक लगेच साफ करण्याचे आणि दुसरे काहीच न करण्याचे. तुमच्या पत्नीच्या बाबतीत मला दोन्ही धोक्याची वाटतात, आणि त्याची कारणे सविस्तर सांगते.

आधी सासूबाईंच्या म्हणण्याकडे वळते, कारण त्यात तथ्य आहे. बाळंतपणानंतर पहिले तीन-चार दिवस लाल रक्त जाते, नंतर साधारण दहाव्या दिवसापर्यंत ते तपकिरी-गुलाबी आणि पातळ होते, आणि पुढे चार ते सहा आठवडे पिवळसर-पांढरा स्राव जातो. सिझर झालेल्या बाईलाही हे सारे होते, कारण वार जिथे चिकटलेली होती ती जागा दोन्ही प्रकारच्या बाळंतपणात सारखीच उघडी पडते. दूध पाजताना पोटात कळ येऊन थोडे रक्त जाणे, किंवा रात्रभर आडवे राहिल्यावर सकाळी उठताच साचलेले एकदम जाणे, हेही नेहमीचेच आहे. पण या साऱ्याला एक दिशा असते; रंग फिका होत जातो आणि प्रमाण कमी होत जाते. तुमच्या पत्नीच्या बाबतीत ती दिशा उलटी फिरली. पाच दिवस जवळजवळ कोरडे गेल्यावर ताजे लाल रक्त गाठींसह आले आणि त्याने अंधारी आली. याला साचलेले निघून जाणे म्हणता येणार नाही. बाळंतपणानंतरचे पहिले २४ तास संपल्यापासून १२ आठवड्यांपर्यंत असे जास्त रक्त गेले तर आम्ही त्याला उशिराचा रक्तस्राव म्हणतो. शंभरातल्या एक-दोन बाळंतिणींना तो होतो आणि बहुतेकदा दुसऱ्या आठवड्याच्या आसपास होतो, म्हणजे नेमका तेव्हा, जेव्हा टाके निघालेले असतात, आलेगेले भेटून गेलेले असतात आणि घरातल्यांचे लक्ष बाळाकडे वळलेले असते.

आता अहवालातील शब्दांकडे पाहू. ‘गर्भाशय मोठे’ हा शब्द वाचून तुम्ही घाबरला असाल, पण सतराव्या दिवशी ते मोठे असणारच. बाळ बाहेर आल्याबरोबर पिशवीचे वजन साधारण एक किलो असते, आठवड्याने ते अर्धा किलो होते, दोन आठवड्यांनी सुमारे तीनशे ग्रॅम, आणि मूळच्या आकाराजवळ यायला सहा आठवडे लागतात. ‘१८ मिलिमीटरचा पांढुरका भाग’ हा वारेचा तुकडा असू शकतो, तसाच तो परवाच्या रक्तस्रावाची गोठलेली गाठही असू शकते. काहीही त्रास नसलेल्या बाळंतिणीची या दिवसांत सोनोग्राफी केली, तरी आत थोडे रक्त, थोडा गाळ बऱ्याचदा दिसतो. दोन्हींत फरक करायला कलर डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारी सोनोग्राफी, लागते. त्या भागात रक्तवाहिन्या शिरताना दिसल्या तर वारेचा तुकडा असण्याची शक्यता वाढते, आणि काहीच प्रवाह नसेल तर ती बहुधा नुसती गाठ असते. तुम्ही लिहून पाठवलेल्या मजकुरात डॉप्लरचा उल्लेख नाही. शस्त्रक्रियेच्या जखमेबद्दल, म्हणजे पिशवीवर जो आडवा छेद घेतला त्याबद्दलही एक ओळ नाही. माझ्या दृष्टीने हा अहवाल अर्धा आहे, आणि अर्ध्या अहवालावर क्युरेटिंग, म्हणजे पिशवी खरवडून साफ करणे, ठरवू नये.

त्या छेदाला मी एवढे महत्त्व का देते ते समजावून सांगते, कारण माझ्या उत्तराचा गाभा तोच आहे. सिझरमध्ये पिशवीच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेऊन बाळ काढतात. पिशवीला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या डाव्या आणि उजव्या कडेने वर चढतात, म्हणजे छेदाच्या दोन्ही टोकांपासून अगदी जवळून. तोंड पूर्ण उघडल्यावर आणि डोके खोल अडकल्यावर सिझर करावे लागले, तर तो भाग ताणून कागदासारखा पातळ झालेला असतो. डोके वर ओढून काढताना छेद कधी कधी एका टोकाला आपणहून फाटत जातो. तिथे रक्त येते, डॉक्टर घाईने टाके घेतात, रक्त थांबते, आणि हे त्यांनी योग्यच केलेले असते. पण त्या फाटण्यात किंवा सुईच्या एखाद्या टोच्यात धमनीच्या भिंतीला लहानसे भोक राहून गेले, तर त्यातून झिरपणारे रक्त भोवतालच्या मांसात एक पोकळी करून बसते. त्या पोकळीला धमनीची स्वतःची भिंत नसते. भोवतालच्या मऊ मांसाने आणि गोठलेल्या रक्ताने तिला कसेबसे अडवून धरलेले असते. आत मात्र धमनीचे रक्त प्रत्येक ठोक्याला घुसळत असते. आम्ही तिला खोटी धमनीविस्फार म्हणतो. मी रुग्णांना ‘धमनीला आलेला कच्चा फुगा’ असे सांगते.

हा फुगा एखाद्या दिवशी पिशवीच्या आतल्या बाजूला फुटतो. रक्त धो धो येते, दाब कमी होतो, गाठ धरते, भोक बुजते आणि रक्त थांबते. घरच्यांना वाटते की संपले. काही तासांनी किंवा काही दिवसांनी गाठ सुटते आणि पुन्हा तेच होते, अनेकदा पहिल्यापेक्षा जास्त. म्हणून सिझरनंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रक्त एकदम आले आणि एकदम थांबले, ताप नाही, वास नाही, असे कोणी सांगितले की मला थांबण्याने हायसे वाटत नाही. वारेचा तुकडा किंवा जंतुसंसर्ग असेल तर रक्त बहुतेकदा रेंगाळत, कमी-जास्त होत जाते. धमनीचे रक्त नळ उघडावा तसे येते आणि बंद करावा तसे थांबते. हा ठोकताळा आहे, नियम नाही. वारेच्या तुकड्यानेही कधी एकदम रक्त येते. तुमच्या पत्नीच्या बाबतीत मात्र अडकलेले डोके, घाईची शस्त्रक्रिया आणि रक्त येण्याची ही तऱ्हा या तिन्ही गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवत आहेत, म्हणून मला काळजी वाटते.

हे मी पुस्तकातून शिकले त्याआधी एका रुग्णामुळे शिकले. वीसेक वर्षांपूर्वी मी एका लहान प्रसूतिगृहात रात्रपाळी करत होते. पहिलटकरीण, सव्वीस वर्षांची, सिझरचा तेरावा दिवस. सोनोग्राफीत तुकडा असल्याची शंका, रक्त त्या वेळी थांबलेले. मी पिशवी साफ करायला घेतली. सक्शनची नळी आत फिरवली आणि पहिल्या मिनिटातच बाटलीत ताजे रक्त चढू लागले. नळी बाहेर काढली तरी ते थांबेना. जो गठ्ठा भोक बुजवून बसला होता तोच मी ओढून काढला होता. पिशवीत दाब देणारा रबरी फुगा, कापसाचे बोळे, इंजेक्शने, सारे करत त्यांना मोठ्या रुग्णालयात नेले, नऊ बाटल्या रक्त लागले आणि शेवटी पिशवी काढावी लागली. त्या वाचल्या, त्यांची मुलगी आता कॉलेजात असेल. पण कलर डॉप्लर तिथून अर्ध्या तासाच्या अंतरावर उपलब्ध होता आणि त्या रात्री घाई करण्यासारखे काही नव्हते. चूक माझी होती. तेव्हापासून सिझरनंतर उशिरा रक्त गेलेल्या कोणत्याही बाईची पिशवी छेदाचा डॉप्लर पाहिल्याशिवाय मी साफ केलेली नाही. अपवाद फक्त तेव्हाचा, जेव्हा समोर रक्त वाहत असते आणि तपासणीला वेळच नसतो, आणि तेव्हाही पोट उघडण्याची पूर्ण तयारी ठेवूनच.

डॉप्लरवर हे कसे दिसते तेही सांगते, म्हणजे अहवाल वाचताना तुम्हाला कळेल. काही वर्षांपूर्वी घोडबंदर रस्त्यावरून एक बाळंतीण आली, बारावा दिवस, सकाळी बाथरूममध्ये रक्ताचे थारोळे झाले होते आणि आमच्याकडे पोचेपर्यंत पॅडवर फक्त डाग होता. आमच्या सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी साध्या, करड्या चित्रात छेदाच्या डाव्या टोकाजवळ मटाराएवढे काळे, गोल भोक दाखवले. नुसते पाहिले असते तर पाण्याची गाठ वाटली असती. त्यांनी रंगाचे बटण दाबले आणि ते भोक क्षणात अर्धे लाल, अर्धे निळे होऊन गरगरू लागले. प्रोब तसाच धरून त्यांनी मला जवळ बोलावले आणि फुग्याच्या मानेच्या जागी, म्हणजे धमनीतून त्यात शिरणाऱ्या अरुंद वाटेत, प्रवाह एका ठोक्यात आत जातो आणि बाहेर येतो तो आलेख दाखवला. अहवालात ‘लाल-निळा भोवरा’, ‘आत-बाहेर प्रवाह’ अशा अर्थाचे वर्णन, किंवा ‘स्यूडोॲन्युरिझम’, म्हणजे हाच कच्चा फुगा, हा शब्द आला, तर क्युरेटिंगचा विषय तिथेच संपतो.

अशा वेळी उपचार मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून होतो. इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट जागा बधिर करून बारीक नळी आत सरकवतात, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेतात आणि फुग्याकडे जाणारी वाट जिलेटीनचे तुकडे, तारेची वेटोळी किंवा विशिष्ट गोंद घालून बंद करतात. याला एम्बोलायझेशन म्हणतात. पोट पुन्हा उघडावे लागत नाही, पिशवी राहते, आणि दहापैकी साधारण नऊ बायकांमध्ये रक्त थांबते. नंतर दोन-तीन दिवस ओटीपोटात दुखते आणि थोडा ताप येऊ शकतो. त्यासाठी वापरलेल्या औषधामुळे दूध पाजणे थांबवावे लागत नाही, हे मुद्दाम सांगते, कारण आया नेमक्या याच भीतीने होकार द्यायला उशीर लावतात. वर सांगितलेल्या घोडबंदरच्या बाई संध्याकाळी ते करून घेऊन तिसऱ्या दिवशी बाळाकडे गेल्या.

डॉप्लरमध्ये छेद निर्धोक दिसला आणि आतल्या भागात रक्तप्रवाह दिसला, तर तो वारेचा तुकडा मानून पुढे जाता येते, आणि मग तुमच्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला योग्य ठरतो. सिझरमध्ये पिशवी हाताने पुसून घेतलेली असते म्हणून तुकडा राहूच शकत नाही असे काही जण सांगतात, पण तसे नाही; कमी वेळा राहतो, एवढेच. तरीही तेव्हा माझ्या काही अटी असतात. बाळंतपणानंतरची पिशवी लोण्यासारखी मऊ असते आणि त्यात ताजा छेद आहे, त्यामुळे तिला भोक पडायला फारसा जोर लागत नाही. म्हणून सोनोग्राफी चालू ठेवून, टोकदार क्युरेट न वापरता हलक्या सक्शनने किंवा दुर्बिणीतून पाहून, अनुभवी हातांनी आणि दोन बाटल्या जुळवलेले रक्त जवळ ठेवूनच ते काम करावे. जास्त खरवडले तर आतले अस्तर जखमी होऊन पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटतात, पाळी नाहीशी होते आणि पुढे दिवस राहणे अवघड होते. बाळंतपणानंतरच्या दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात हा धोका विशेष असतो. प्रवाह नसलेली लहान गाठ असेल आणि रक्त बंद असेल, तर मी अनेकदा फक्त औषधे देऊन दर आठवड्याला सोनोग्राफी पाहते.

जंतुसंसर्ग हे उशिराच्या रक्तस्रावाचे फार मोठे कारण आहे आणि सिझर झालेल्या बाईला त्याचा धोका साध्या बाळंतपणापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. तुम्ही ताप नाही म्हणता, पण थर्मामीटर लावून पाहिला आहे का ते लिहिलेले नाही. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे थर्मामीटरवर १००.४, किंवा त्यापेक्षा जास्त ताप, घाण वास, ओटीपोट दाबल्यावर कळ येणे, यांपैकी काहीही असेल तर शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात आणि गोळ्यांवर भागत नाही. संसर्ग छेदात शिरला तर टाक्यांच्या कडा कुजून सुटतात. हे क्वचित होते, पण मग पोट उघडून जखम साफ करून पुन्हा शिवण्याला पर्याय राहत नाही, आणि त्यात पिशवी वाचेलच असे आधी सांगता येत नाही.

रक्त गोठण्याचा दोष हा भाग डॉक्टरांकडूनही विचारायचा राहून जातो. काही बायकांमध्ये रक्त गोठवणारा एक घटक जन्मतः कमी असतो, गर्भारपणात तो आपोआप वाढतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी काहीच जाणवत नाही, आणि बाळंतपणानंतर एक ते तीन आठवड्यांत तो पुन्हा खाली येतो. तुमच्या पत्नीला पहिल्या पाळीपासून फार रक्त जात असे का, दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला होता का, नाकातून वारंवार रक्त येत असे का, त्यांच्या आईला किंवा बहिणीला तसे होते का, हे विचारून घ्या आणि डॉक्टरांना सांगा. सिझरनंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून पोटावर इंजेक्शने दिली जात असतील तर तीही सांगा, मात्र स्वतःहून बंद करू नका. वारेच्या पेशींपासून होणारा कर्करोग हे कारण अगदी विरळ आहे. रक्तातील बीटा एचसीजी, म्हणजे वारेच्या पेशींपासून तयार होणारे संप्रेरक, पाहिले की त्याचा उलगडा होतो, म्हणून ती तपासणी यादीत असू द्या आणि त्यावरून झोप उडवून घेऊ नका.

दिलेल्या गोळ्यांबद्दल तुम्ही विचारले आहे. नावे लिहिलेली नाहीत, पण अशा वेळी सहसा ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड आणि पिशवी आवळणारी मेथर्जिनची गोळी देतात. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड चांगले औषध आहे; २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, वीस हजारांवर बायकांच्या चाचणीत, बाळंतपणानंतरच्या जोरदार रक्तस्रावात ते शिरेतून पहिल्या तीन तासांत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात असे दिसले. ते धरलेली गाठ टिकवून ठेवते, धमनीचे भोक शिवत नाही. मेथर्जिन रक्तदाब वाढवते, त्यामुळे गर्भारपणात किंवा त्यानंतर पत्नीचा रक्तदाब वाढलेला असेल तर ती गोळी आज घेऊ नये आणि डॉक्टरांना लगेच विचारावे.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते स्पष्ट करते. त्यांचे हिमोग्लोबिन सिझरआधी किती होते यावर पुष्कळ काही ठरते. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय आढळला होता. बाराच्या हिमोग्लोबिनची बाई जेवढे रक्त गेलेले सहन करते तेवढे आठवाली करू शकत नाही. रक्त गेल्याबरोबर केलेले हिमोग्लोबिन फसवे असते, कारण उरलेले रक्त पातळ व्हायला काही तास लागतात. रक्तदाबही फसवतो, तरुण शरीर बरेच रक्त जाईपर्यंत तो टिकवून धरते आणि मग एकदम सोडते. त्यामुळे मी नाडी पाहते. नाडी १२० आणि वरचा रक्तदाब १०० असेल, म्हणजे नाडीचा आकडा रक्तदाबाच्या आकड्याच्या पुढे गेला असेल, तर बाई शांत पडून गप्पा मारत असली तरी मी रक्ताची मागणी पाठवते. घरी तुम्ही मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजू शकता. पडून असताना १०० च्या वर असेल तर वेळ दवडू नका. एका तासात एक पॅड पूर्ण भिजले, लिंबाएवढी गाठ पडली किंवा उठून बसताना अंधारी आली, तरीही तेच. भिजलेले पॅड फेकू नका, पिशवीत बांधून सोबत आणा. आम्ही ते वजनकाट्यावर ठेवतो आणि कोऱ्या पॅडचे वजन वजा केले की जितके ग्रॅम तितके मिलिलिटर रक्त असा जवळपासचा अंदाज मिळतो. ‘खूप गेले’ या शब्दांपेक्षा त्याचा आम्हाला पुष्कळ उपयोग होतो.

आजचा दिवस संपण्याआधी त्यांना रुग्णालयात दाखल करावे, असे माझे मत आहे. रक्त थांबलेले असतानाचा हा वेळ फार मोलाचा आहे, कारण आत्ता त्या स्वतःच्या पायांनी गाडीत बसू शकतात आणि तपासणी शांतपणे होऊ शकते. रुग्णालय निवडताना तिथे आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: आज रात्री कलर डॉप्लर होईल का, रक्तपेढी आवारात आहे का, आणि गरज पडल्यास रात्रीही एम्बोलायझेशन करणारे डॉक्टर येतात का. तिसऱ्याचे उत्तर नाही असेल आणि त्यांना पुढे कुठे पाठवायचे हे ठरलेले असेल, तरी चालेल. घणसोलीहून ठाण्याकडे जायचे झाल्यास विटावा आणि कळव्याच्या पुलावर संध्याकाळी किती अडकायला होते हे तुम्हाला माहीत आहे; तोच तास रक्त वाहत असताना रस्त्यावर घालवायचा नाही, म्हणून दुपारीच निघा किंवा वाशीच्या बाजूला जा. स्कूटरवरून किंवा रिक्षातून नेऊ नका, गाडीत आडवे झोपता येईल असे न्या आणि सोबत दोन मोठी माणसे असू द्या. खर्चाची अडचण असेल तर सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात जायला संकोच करू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून तिथे बाळंतिणीला शस्त्रक्रिया, औषधे आणि रक्त मोफत मिळते.

दाखल झाल्यावर रात्रीत पुन्हा रक्त आले, तर घाबरून जाऊ नये म्हणून क्रम सांगून ठेवते. शिरेत दोन जाड सुया, पिशवी आवळणारी इंजेक्शने, रक्त, आणि गरज पडल्यास पिशवीत पाण्याने फुगवलेला फुगा घालून दाब देणे. साध्या कॅथेटरला निरोध बांधून असा फुगा करण्याची रीत बांगलादेशच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी २००३ मध्ये जगापुढे मांडली आणि आपल्याकडच्या लहान रुग्णालयांतही ती वापरतात. त्याने एम्बोलायझेशनपर्यंत पोचायला वेळ मिळतो. हे साधले नाही तर पोट उघडून धमन्या बांधणे, आणि जीव वाचवायला दुसरा उपायच नसेल तर पिशवी काढणे. त्या टोकाच्या कागदावर तुमची सही दाखल होतानाच मागतील. त्यावरून डॉक्टरांनी तसे ठरवले आहे असे समजू नका. रात्री तीन वाजता सही शोधत बसायला लागू नये, म्हणून ती आधी घेतात.

घरी एवढे करा. आजपासून पोटाला मालिश, पोट आवळून बांधणे आणि शेक-शेगडी थांबवा. सासूबाईंना सांगा की निदान होईपर्यंतच थांबवतो आहोत, त्यांच्या काळजीचा मान राखून. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू खुशाल द्या, फक्त गेलेले रक्त तेवढ्याने भरून येत नाही. हिमोग्लोबिन बरेच खाली असेल तर शिरेतून लोह देता येते, एका बैठकीत हजार मिलिग्रॅमपर्यंत, आणि स्तनपान चालू ठेवता येते. रुग्णालयात बाळाला त्यांच्याजवळ ठेवू देतात का हे विचारा. नसेल तर दूध काढून आणण्याची व्यवस्था करा, कारण पाजल्याने पिशवी आकुंचन पावायला मदतच होते.

पुढच्या बाळाबद्दल तुम्ही शेवटी एक ओळ लिहिली आहे. तुकडा असो किंवा फुगा, पिशवी राहिली तर पुन्हा दिवस राहू शकतात. एम्बोलायझेशननंतर बहुतेकींची पाळी परत येते आणि मुले झालेल्या बायका माझ्या स्वतःच्या पाहण्यात आहेत, मात्र पुढच्या खेपेला वार छेदाच्या जागी चिकटून बसण्याचा धोका अधिक असतो, म्हणून दीड-दोन वर्षे थांबावे आणि दिवस राहिल्यावर सुरुवातीपासून मोठ्या रुग्णालयात नाव नोंदवावे.

आज निघताना फाइलमध्ये डिस्चार्ज कार्ड असेलच, पण सिझर केलेल्या रुग्णालयातून शस्त्रक्रियेची मूळ नोंदही मागून घ्या, ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. तिच्यात ‘एक्स्टेन्शन’ (छेद पुढे फाटणे), ‘अँगल’ (छेदाचे टोक) किंवा ‘हिमॅटोमा’ (साचलेल्या रक्ताची गाठ) असा शब्द कुठे आहे का पाहा, त्यापुढे डावी बाजू लिहिली आहे की उजवी तेही पाहा, आणि तो कागद सर्वांत वर ठेवून डॉप्लर करणाऱ्या डॉक्टरांच्या हातात द्या. अहवाल मिळाला की त्यातला छेदाबद्दलचा मजकूर इथे लिहा, मी रात्री उशिरापर्यंत पाहीन.